डिझेलचा पाईप फुटतो तो आतून

संपादक साहेब, नमस्कार.

मी उद्यमबागेत डिझेल इंजिनच्या पंप-नोझलचं काम करतो. उसाचा सिझन लागला की एखादा ट्रॅक्टरवाला पंपावरनं नोझलला जाणारा चिरलेला पाईप खिशातून काढतो आणि म्हणतो, मेस्त्री, एवढं गॅसनं पितळ मारून जोडून द्या, संध्याकाळी ट्रॉली कारखान्याला लावायचीय. मी नाही म्हटलं की दुसरीकडं जाऊन मारून घेतो, आणि आठ दिवसांत तोच पाईप पितळाच्या कडेलाच परत चिरलेला!

सगळ्यांचं म्हणणं एकच, पाईप पातळ आहे, जाड घाला. तसं नाही ओ. बाहेरून 6 मिमी आणि आत 2 मिमी भोक असला तर भोकाच्या भिंतीला बाहेरच्या पाचपट ताण बसतो, आणि पाईप मनगटाएवढा जाड केला तरी तो आतला ताण फार तर पाचव्या हिश्शानं उतरतो. मी एक फुटका पाईप व्हाईसला धरून उभा कापला आणि भिंग लावलं, तर भोकात पाईप ओढून बनवतानाचा केसाएवढा ओरखडा होता आणि चीर तिथनंच निघून बाहेर आलेली. इंजिन 2000 आरपीएमला असलं की एका पाईपला दोन फेऱ्यांना एक म्हणजे मिनिटाला 1000 प्रेशरचे दणके, तासाला 60000, मग कुठलं लोखंड थकणार नाही सांगा.

म्हणून कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जाड नळीतून डिझेल देणारी पद्धत) सारख्या जास्त प्रेशरच्या पाईपना, जिथं 1600 बार आणि त्याच्याही वर प्रेशर जातं, कंपनीतच ऑटोफ्रेटेज करतात. म्हणजे काय, तर चालू प्रेशरच्या कितीतरी जास्त प्रेशर एकदाच आत द्यायचं, आतला थर कायमचा फुगतो, बाहेरचा थर प्रेशर सोडल्यावर त्याला आवळून धरतो. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव तापवून चढवतो आणि गार झाल्यावर ती आवळते ना, तसंच. आवळलेल्या भोकात चीर उघडायलाच जागा राहत नाही. तोफांच्या नळ्यांना हीच युक्ती करायचे.

आता त्यावर गॅसची ज्योत लावली की आवळ गेला, आणि वरनं आतली काजळी नोझलमध्ये. पाईप वाकवून बसवणं, क्लॅम्प हरवला म्हणून ट्यूबची पट्टी बांधणं हेही तसलंच, थरथर थांबत नाही आणि पाईप नटाजवळ तुटतो. कॉमन रेलच्या बऱ्याच गाड्यांत तर एकदा सोडलेला पाईप परत घालू नका असं मॅन्युअलमध्येच असतं, ते कोण वाचतंय.

आणि गळती बोटानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. ती धार कातडीतून आत शिरते, वर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतनं हात सडतो, त्याला मलम नाही, सरळ ऑपरेशनच.

कापलेले चार पाईप दुकानात टेबलावर ठेवलेत, भिंगही तिथंच आहे.

— एक पंप मेस्त्री, उद्यमबाग, बेळगाव