मंत्रिमहोदय, घर दाखवताना मी आधी नळ सोडतो

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांना सविनय नमस्कार.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर, नांदेड फाट्याच्या अलीकडे माझा दहा बाय बाराचा गाळा आहे. घरं भाड्यानं देणं, विकून देणं, करार नोंदवून देणं हे माझं सतरा वर्षांचं काम. लोक एजंट म्हणतात, ब्रोकर म्हणतात, चिडले की दलाल म्हणतात. मे महिना चालू आहे. आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा महिना हाच आणि आमच्या भागात पाण्याचा सगळ्यात वाईट महिनाही हाच. त्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

उन्हाळ्यात माझा दिवस साडेसातला सुरू होतो, कारण अकरानंतर गच्चीखालच्या मजल्यावरचं घर कुणाला आवडत नाही. शाळांचे निकाल लागलेले असतात, बदल्यांचे आदेश आलेले असतात. 15 जूनच्या आत मुलांच्या शाळेजवळ घर मिळालं पाहिजे म्हणून माणसं नाशिकहून, लातूरहून रात्रीच्या गाडीनं येतात आणि थेट माझ्या दुकानापाशी उतरतात. त्यांना चहा पाजायचा, ड्रॉवरमधून चाव्यांचे जुडगे काढायचे आणि निघायचं. प्रत्येक जुडग्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी असते, त्यावर सोसायटी, विंग, फ्लॅट नंबर. मालक कुणी दुबईत असतो, कुणी बारामतीत. घराची खरी अवस्था मालकापेक्षा मला जास्त माहीत असते.

बंद फ्लॅटचं दार उघडलं की आधी वास येतो. कित्येक महिने बाथरूममध्ये पाणी पडलेलं नसतं, जाळीखालचं पाणी आटून जातं आणि गटाराची हवा सरळ घरात येते. मी खिडक्या उघडतो, कोरड्या बाल्कनीतली कबुतरं हुसकावतो, मेन स्विच वर करतो. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडतो. आधी नुसती हवा सूं सूं करत येते. मग दोन-तीन पिचकाऱ्या. मग गंजाच्या रंगाची धार. ती निवळेपर्यंत मी काही बोलत नाही. गिऱ्हाईक तोवर बेडरूममध्ये कपाट कुठं बसेल ते बघत असतं, पण त्यांच्यातली बाई बहुतेक वेळा माझ्याशेजारी येऊन उभी राहते आणि माझ्यासारखीच त्या धारेकडे बघत राहते. कधी धार निवळते. कधी मधेच बंद पडते. मग खाली जाऊन वॉचमनला विचारायचं, "काका, आज व्हॉल्व्ह किती वाजता सोडला होता?"

साहेब, हे सगळं खडकवासला धरणापासून काही किलोमीटरवर घडतं. रविवारी लोक आमच्या दुकानांवरून चौपाटीवर कणीस खायला जातात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून 29.15 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं. ते सगळं पुण्याचं आहे असं मी म्हणत नाही. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याचं उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला सोडायचं पाणी, त्यातूनच सुटतं आणि ते सुटलंच पाहिजे. माझे मामा त्याच कालव्यावर ऊस-कांदा करत आले. पण धरणाची भिंत जिथून दिसते तिथल्या सोसायटीच्या गेटवर रात्री दोन वाजता टँकरचा पाइप टाकीत सोडलेला असतो, हे रोज पाहून मन मोठं होत नाही.

2017 मध्ये अकरा गावं महापालिकेत आली, त्यात धायरी होती. 2021 मध्ये आणखी तेवीस आली, त्यात नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला होतं. हद्द वाढली, मिळकत कर वाढला, आणि आमच्या जाहिरातींमध्ये "पीएमसी हद्दीत" हे शब्द मोठ्या अक्षरात आले. मीही छापले. हद्द वाढली तरी जलवाहिनी तिच्याबरोबर आपोआप पुढं सरकत नाही, हे गिऱ्हाइकाला पझेशननंतर कळतं.

जानेवारी 2025 मध्ये आमच्या याच पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण सापडले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. नांदेडगाव, किरकटवाडी ही नावं देशभरच्या बातम्यांत आली. त्या आठवड्यांत माझा फोन जवळजवळ बंद पडला. टोकन दिलेली दोन कुटुंबं पैसे परत न्यायला आली, मी मुकाट दिले. त्यानंतर काही महिने प्रत्येक गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारायचं, पाणी कुठलं? विहिरीचं, बोअरचं, टँकरचं की कॉर्पोरेशनचं? असेल तर दिवसाआड की रोज? मला वाटलं, आता हा प्रश्न कायमचा विचारला जाईल. दिवाळीपर्यंत लोक पुन्हा मॉड्युलर किचन आणि कव्हर्ड पार्किंगवर आले. दोष त्यांचा नाही. आयुष्याची पुंजी लावताना माणूस चांगलंच बघायला धडपडतो.

आता एक गोष्ट, जी सांगताना मला त्रास होतो. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षक दांपत्याला मी याच भागात टू बीएचके घेऊन दिला. सर आणि बाई सातारा जिल्ह्यातून आलेले, मुलगी पुण्यात म्हणून इथं आले. बिल्डरच्या ऑफिसात बाईंनी विचारलं, "पाण्याचं काय?" तिथल्या माणसानं सांगितलं, "बोअर आहे, शिवाय कॉर्पोरेशनची लाइन वर्षभरात येतेय." मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. दोन बोअरपैकी एक मार्चमध्येच हवा ओढतं, हे मला माहीत होतं, कारण त्याच प्रकल्पाच्या पहिल्या विंगमध्ये मी भाडेकरू ठेवले होते. मी गप्प बसलो. मेंटेनन्स महिना अडीच हजार सांगितला होता. पहिल्याच मे महिन्यात त्यावर टँकरचे अठराशे रुपये आले. बाई दुकानात आल्या. ओरडल्या नाहीत. पर्समधून सोसायटीचं बिल काढून टेबलावर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का हो?" मी "होय" म्हणालो. त्या बिलाची घडी घालून निघून गेल्या.

तेव्हापासून घर दाखवताना मी आधी नळ सोडतो आणि पाण्याचं जे असेल ते सांगतो. पण इथंच माझी अडचण सुरू होते आणि म्हणूनच हे पत्र. मी सांगतो, "या इमारतीत एप्रिल ते जून टँकर लागतो." गिऱ्हाईक "विचार करून कळवतो" म्हणतं, आणि चार दुकानं सोडून दुसऱ्याकडून तीच इमारत, तोच मजला घेऊन टाकतं, कारण तिथं पाण्याचा विषय निघालेला नसतो. मालक मला फोन करतो, "तुम्ही माझं घर बदनाम करता." माझ्याकडून तीन मालकांनी चाव्या काढून नेल्या. सचोटीनं धंदा करणारे एजंट या शहरात खूप आहेत, पण एकट्यानं खरं बोलायचं म्हणजे घरचा किराणा पणाला लावायचा. सगळ्याच एजंटांना हे सांगावं लागलं, तर कुणाचंच नुकसान होणार नाही.

हिशेब मोठा नाही. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. ऐंशी फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे दिवसाला 43,200 लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर, वर थोडं. हा आकडा कागदावर मांडायला दहा मिनिटं लागतात. तो मांडला असता, तर बाईंना त्या दिवशीच कळलं असतं की अडीच हजारात ही सोसायटी चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, रेरा, म्हणजे घर घेणाऱ्याच्या संरक्षणाचा कायदा, आहे ना. आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. 1 मे 2017 पासून तो पूर्ण लागू झाला, त्याआधीचा काळ मी पाहिला आहे. सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिन्याचे आणि लॉबीचे पैसे घेतले जायचे. आज कार्पेट, म्हणजे घराच्या आतला प्रत्यक्ष वापरायचा एरिया, सांगावा लागतो. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जाहिरातीवर क्यूआर कोड लागतो. आम्हा एजंटांना 2023 पासून महारेराचं, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांनी कुरकुर केली. मी अभ्यास केला, पोरीनं माझी प्रश्नोत्तरं घेतली, पास झालो, आणि ते प्रमाणपत्र दुकानात गणपतीच्या फोटोखाली लावलं आहे.

त्या अभ्यासातच मला कळलं की कायद्यानं पाण्याचा विचार केलेला आहे. कलम 11 म्हणतं की बुकिंगच्या वेळी बिल्डरनं प्रकल्पाचं टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक द्यायचं आणि त्यात पाणी, सांडपाणी, वीज या सोयींचाही समावेश हवा. कलम 19 नुसार ते जाणून घेणं हा खरेदीदाराचा हक्क आहे. आणि कलम 10 मला, एजंटला, सांगतं की गिऱ्हाइकाला हक्काची माहिती आणि कागदपत्रं मिळवून द्यायची. पण मी जे कागद हाताळतो त्यात पाण्याच्या रकान्यात "स्थानिक प्राधिकरणाच्या उपलब्धतेनुसार" असं काहीतरी एका ओळीत उरकलेलं असतं. त्या ओळीतून बाईंना काय कळणार होतं?

शिवाय समाविष्ट गावांत बांधकाम परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो, की महापालिकेचं पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी पुरवण्याची जबाबदारी माझी. हे हमीपत्र महापालिकेच्या फायलीत असतं. फ्लॅटधारकाला ते असल्याचाच पत्ता नसतो. सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या साइटवर जातो, टँकरची बिलं सोसायटीच्या माथ्यावर येतात. सगळेच बिल्डर तसे नसतात; पझेशननंतर तीन-तीन वर्षं स्वतःच्या पैशानं टँकर पुरवणारेही मी पाहिले आहेत. त्यांचीही जाहिरात इतरांसारखीच दिसते, हे त्यांच्यावर अन्यायाचंच आहे.

म्हणून माझी विनंती अशी. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर पाण्याचा वेगळा भाग असावा. नळजोड मंजूर आहे का, असल्यास किती इंचाचा, बोअर किती आणि ती मे महिन्यात काय देतात, टँकर लागणार असेल तर रोज किती आणि खर्च कुणाचा. ते हमीपत्र त्याच पानावर चढवावं आणि विक्री कराराला जोडपत्र म्हणून लावावं. सोसायटीच्या ताब्यात इमारत देताना मागच्या उन्हाळ्याची टँकरची बिलंही हवाली करावीत. एवढ्यानं नळाला पाणी येणार नाही, मला कळतं. पण बाईंसारख्या माणसाला सही करण्याआधी कळेल.

दुसरी विनंती भाड्याच्या घरांची. रेरा भाड्याला लागत नाही आणि माझा निम्म्याहून जास्त धंदा भाड्याचा आहे. भाडेकरार 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदवावाच लागतो. मी तो दुकानातच, लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र लावून करतो. त्या ऑनलाइन अर्जात पत्ता, क्षेत्रफळ, भाडं, डिपॉझिट, मुदत सगळं भरतो. तिथं दोन रकाने वाढवता येतील. पाण्याचा स्रोत कोणता, आणि टँकरचा खर्च मालकाचा की भाडेकरूचा. दरवर्षी मे महिन्यात माझ्या दुकानात जी भांडणं होतात त्यातली निम्मी या दुसऱ्या रकान्यावरची असतात. मालक म्हणतो वापरतो तो देईल, भाडेकरू म्हणतो मेंटेनन्स तुमच्याकडे आहे, आणि दोघंही माझ्याकडे बघतात, कारण करारात एक शब्द नसतो. आता मी करारात ते कलम स्वतःहून घालतो. नोंदणीचं काम महसूल खात्याकडे आहे याची मला कल्पना आहे. तुमचा शब्द तिथपर्यंत पोचावा एवढीच अपेक्षा.

काल संध्याकाळी वळीव झाला. दहा मिनिटंच, पण चांगला. मी तेव्हा एका गच्चीवर होतो, गिऱ्हाइकाला टाक्या दाखवत. सिंहगडावर वीज चमकली, मातीचा वास आला, खालच्या मजल्यावरची पोरं अंगणात नाचायला धावली. गच्चीच्या कोपऱ्यातून पावसाचं सगळं पाणी पन्हाळीतून धो धो खाली रस्त्यावर जात होतं. पाऊस जिरवण्याचा पाइप त्या इमारतीला होता, नकाशात दाखवलेलाही होता. तो वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीनं बांधून ठेवलेला होता. मी ती सोडली. आतून वाळलेली पानं आणि कबुतराची पिसं निघाली. गिऱ्हाईक, एक तरुण इंजिनिअर, माझ्या शेजारी वाकून बघत होता. त्यानं विचारलं, "हे कुणी बघायचं असतं?" मी सांगितलं, सोसायटीनं. त्यानं मोबाइलमध्ये काहीतरी लिहून ठेवलं.

त्यानं घर अजून घेतलेलं नाही. उद्या सकाळी आठ वाजता बायकोला घेऊन पुन्हा येणार आहे. मी वॉचमनला सांगून ठेवलं आहे, व्हॉल्व्ह रोजच्याच वेळेला सोडा, आमच्यासाठी आधी सोडू नका.

आपला नम्र,
सिंहगड रस्त्यावरचा एक इस्टेट एजंट