सहीची मोकळी जागा

काका,

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, ठाऊक आहे. तुमच्या अभ्यासिकेतलं कुणीतरी वाचून दाखवेल आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून नुसतं "हं" म्हणाल. चालेल.

निकाल लागला. सीए इंटरचा पहिला ग्रुप निघाला, १६३ मार्क. पेढे घेऊन येतेच आहे, पण पेढ्यांचा बॉक्स हातात असताना माझ्या तोंडून यातलं काही निघायचं नाही, म्हणून आधी लिहून टाकते.

मागच्या वेळी १४६ होते. सीए इंटरच्या एका ग्रुपमध्ये तीन पेपर. प्रत्येकात निदान ४० आणि तिन्ही मिळून ३०० पैकी १५० लागतात. माझे तिन्ही पेपर चाळिशीच्या वर आणि बेरीज चार मार्कांनी लटकलेली. शेजारच्या काकूंना हे समजावताना जीव गेला. "म्हणजे सगळ्यात पास ना?" "हो काकू." "मग नापास कशी?" ती माझी दुसरी खेप होती.

त्यानंतर अभ्यास बंदच पडला. पुस्तक उघडायचे. लॉच्या पेपरातली प्रॉस्पेक्टसची व्याख्या वाचायचे, शेवटच्या शब्दापर्यंत पोचले की सुरुवात पुसलेली. परत वाचायचे. एकाच परिच्छेदात अर्धा तास जायचा. क्लासच्या सरांना धीर करून सांगितलं, तर भर वर्गात म्हणाले, "मन लागत नसेल तर सीट अडवू नका." त्याच संध्याकाळपासून मी क्लासला गेले नाही आणि वडिलांच्या फोनवर रोज मेसेज यायला लागला, 'आपला पाल्य आज अनुपस्थित आहे.' वडील अंबडच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत तो वाचायचे आणि घरी आल्यावर काहीच बोलायचे नाहीत. मावसभाऊ रोज सकाळी धावत्या सिंहाचा व्हिडिओ पाठवायचा. सिंहाला लॉचा पेपर नसतो, एवढं त्याला कळवायचं राहून गेलं.

अकरा दिवस मी सिडकोतल्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून होते. बाराव्या दिवशी सिटीलिंकच्या बसने तुमच्याकडे आले ती लॉकरमधली पुस्तकं घेऊन जायला. कायमची.

तुम्ही रजिस्टर पुढे सरकवलंत. लॉकरच्या किल्लीची नोंद शोधायला मी पानं मागे उलटली, आणि थांबले. प्रत्येक पानावर तुमच्या हिरव्या पेनाने माझं नाव. समोर खुर्ची नंबर १७. येण्याची वेळ कोरी, जाण्याची वेळ कोरी, सहीची जागा मोकळी. सलग अकरा पानं.

"काका, इथे तर खुर्चीसाठी वेटिंग असतं."

"असतं की. पण नाव लिहिलेलं होतं, दुसऱ्याला कशी देणार?"

मला रडू फुटलं आणि तुम्ही पंखा बघायला उठून गेलात. पंख्याला काही झालेलं नव्हतं, काका. चांगली पाच मिनिटं तुम्ही त्या रेग्युलेटरपाशी पाठ करून उभे होतात. परत आलात तेव्हा म्हणालात, "हे गाव १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवतंय. तुम्ही अकरा दिवस नाही वाचलं तर गोदामाईला काय फरक पडतो? बसा. पुस्तक उघडू नका पाहिजे तर."

मी बसले. उघडलं नाही. सही मात्र केली.

दुसऱ्या दिवसापासून तुमचा तो प्रश्न सुरू झाला, "ताई, आज पाणी कुठवर?" पावसाळ्यात अख्खं नाशिक गोदावरीचा पूर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतं, तसं तुम्ही मला मोजायचात. गुडघ्यापर्यंत म्हटलं की अवघड गणित. कमरेपर्यंत म्हटलं की आधी सोडवलेलंच गणित पुन्हा वहीत उतरवायचं, फक्त दहा मिनिटं, मग उठलात तरी चालेल. छातीपर्यंत म्हटलं की चहा. 'बरी आहेस ना?' या प्रश्नाला मी सगळ्यांशी खोटं बोलत होते. मारुतीच्या बाबतीत खोटं बोलवेना.

बऱ्याचदा दहा मिनिटांनंतर मी उठलेच नाही. काही वेळा उठले, सरळ घरी गेले. तुम्ही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत.

एका रात्री पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं होतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. दीड वाजता १४४१६ ला, त्या सरकारी टेलिमानस हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या, घाई न करता. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की लक्ष न लागणं, वाचलेलं न टिकणं हे नैराश्याच्या आजाराचंच लक्षण आहे. इच्छा होईल मग अभ्यास करू म्हणून बसून राहिलं की काम आणखी सुटतं आणि मन आणखी खाली जातं. आधी छोटंसं काहीतरी करायचं, इच्छा मागून येते. याला बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात म्हणे. मी त्यांना तुमचं दहा मिनिटांचं गणित सांगितलं, तर हसल्या आणि म्हणाल्या, "ते चालू ठेवा. गोळ्याही चालू ठेवा."

तुम्ही सगळ्यांनाच 'अहो' म्हणता, अठरा वर्षांच्या पोरांनाही. मला आधी ते गमतीचं वाटायचं. या शहरात अशी आणखीही माणसं असणार. ती कुणाची तरी जागा धरून ठेवतात आणि घरी जाऊन सांगतसुद्धा नाहीत. त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत. आमच्या क्लासचे मात्र चौकाचौकात आहेत, आणि या निकालानंतर त्यावर माझाही फोटो हवाय म्हणून परवा फोन आला होता. नाही म्हणून सांगितलं.

दुसरा ग्रुप बाकी आहे. कॉस्टिंगची आत्तापासूनच धडकी भरलीय. सोमवारी सकाळी येते. पाणी घोट्यापर्यंत आहे. आणि काका, नाव मी लिहीन, फक्त ते हिरवं पेन द्या.

तुमची,
खुर्ची नंबर १७