ब्रुकलिनचे दोन सामने आणि डॉ. पिम

महोदय,

डेव्हिस कपच्या इतिहासावरचा पुरवणीतला लेख आवडला. मात्र १९०२च्या अमेरिका-ब्रिटन लढतीत ब्रिटनकडून खेळलेल्या डॉ. जोशुआ पिम यांची 'वजन वाढलेला, दोन्ही सामने हरलेला खेळाडू' अशी एका ओळीत बोळवण झाली, ते खटकलं. हरले हे खरंच. ब्रुकलिनमध्ये अमेरिकेच्या व्हिटमन आणि लार्नेड या दोघांनीही त्यांना धूळ चारली आणि अमेरिकेने ३-२ अशी बाजी मारली.

पण हेच पिम १८९३ आणि १८९४चे विम्बल्डनविजेते. दोन्ही वेळा त्यांनी विल्फ्रेड बॅडलीला नमवलं, ज्याच्याकडून ते आधीची दोन वर्षं हरत आले होते. दुहेरीची दोन विजेतेपदं वेगळीच, तीही फ्रँक स्टोकरबरोबर. हा स्टोकर दाताचा डॉक्टर, शिवाय आयर्लंडकडून रग्बी खेळलेला!

त्या काळी गतविजेता थेट शेवटच्या सामन्यातच उतरायचा. म्हणजे १८९५ साली विजेतेपद राखायला पिमना एकच सामना खेळायचा होता. तोही खेळायला ते आले नाहीत, आणि बॅडलीला विजेतेपद बसल्या जागी मिळालं. हौशी टेनिसवर घर चालत नसे, डॉक्टरकीवर चालायचं.

सात वर्षांनी, १९०२च्या डेव्हिस कपसाठी ब्रिटनचा संघ जाहीर झाला तेव्हा पिमच्या नावाऐवजी 'मिस्टर एक्स' असं छापलं गेलं. दवाखान्यावर परिणाम होईल या धास्तीने, असं सांगतात. मला ते पटतं. माझे वडील तालुक्याच्या गावी डॉक्टर होते. संध्याकाळी बॅडमिंटनला जाताना रॅकेट पिशवीत लपवून मागच्या गल्लीने जायचे. पेशंटने पाहिलं तर म्हणेल, डॉक्टरांना खेळायला बरा वेळ मिळतो!

आता खरा प्रश्न. त्याच वर्षीचा विम्बल्डनविजेता लॉरी डोहर्टी संघात होता. त्याला एकेरीत उतरवलंच नाही, दुहेरीसाठी ताजातवाना ठेवला. दुहेरी डोहर्टी बंधूंनी जिंकलीही. पण तेहतीस वर्षांच्या, खेळ मागे टाकून दवाखान्यात रमलेल्या डॉक्टरला एकेरीचे दोन सामने देणं हा हिशेब कुणाचा? तो पिमच्या खात्यावर का मांडायचा?

हे लेख पुस्तकरूपाने येणार असतील, तर त्या ओळीत निदान १८९३, १८९४ आणि लॉरी डोहर्टी एवढी भर घालावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा