जुनं इंजिन अडतं कुठे, हे शोधायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार. नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘काका’. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण अडणारं मॉडेल रेल्वेचं इंजिन खोक्यात घालून माळ्यावर टाकलेले माझ्यासारखे बरेच असणार.

माझं एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या हिश्श्याएवढं, वाफेच्या इंजिनाचं विजेवर चालणारं मॉडेल सरळ रुळावर बरं धावायचं, सांध्यावर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे, आचके द्यायचं आणि वेग कमी केला की थांबायचंच. टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, बोटानं दाबलं की पुन्हा चालू. मोटर गेली, असं ज्यानं त्यानं सांगितलं. तुम्ही एवढंच विचारलंत, “दाबल्यावर चालतं ना? मग मोटरचा काय दोष?”

मग तुम्ही मला विजेची वाट कागदावर काढायला लावलीत. अशा जुन्या इंजिनात एका रुळाची वीज इंजिनाची एका बाजूची चाकं घेतात, दुसऱ्या रुळाची टेंडरची पलीकडची चाकं. बाकीची चाकं इन्सुलेट केलेली, नुसती फिरणारी. त्यातून रबरी पट्टा चढवलेलं चाक वजा करा. उरतात ती मोजकीच, आणि तीच सांध्यातल्या प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर, आली की इंजिन उपाशी! एवढी वर्षं चाकं बघत होतो, पण हा हिशेब कधी मांडलाच नव्हता.

मल्टिमीटरबद्दल तुम्ही सांगितलेलं तर सोन्याहून मोलाचं. जोड तपासताना मीटरचा बझर वाजला म्हणून तो चांगला, असं धरू नकोस. मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, मोटर ओढायला लागली की तोच जोड माघार घेतो. म्हणून इंजिन चालू ठेवून आधी रुळांवर व्होल्टेज मोजायचं, मग मोटरच्या टोकांवर. रुळांवर ते ठाम होतं, मोटरपाशी मध्येच कोसळत होतं. टप्प्याटप्प्यानं मागे येत चोर सापडला तो इंजिन आणि टेंडर जोडणाऱ्या पट्टीच्या खिळीत. टेंडरची सगळी वीज त्या सैल, काळवंडलेल्या टेकणीवरून येत होती.

तिथे बारीक, लवचिक वायर सोल्डर केली, वळणावर ताणू नये इतकी सैल सोडून. मग तुमच्या सांगण्यावरून इंजिन आणि टेंडर दोन्हींच्या इन्सुलेटेड चाकांनाही वीज घेण्यासाठी फॉस्फर ब्राँझ या लवचिक धातूच्या पट्ट्या लावल्या. चाकाच्या मागच्या अंगाला, जेमतेम टेकतील अशा. दाब जास्त झाला तर चाक फिरायच्या ऐवजी घसरतं. पट्टीला वायर आधी बाहेरच जोडून घ्यायची हेही बरं सांगितलंत, नाहीतर सोल्डरच्या उष्णतेनं प्लॅस्टिकचा सांगाडा वितळला असता. आता दोन्ही रुळांची वीज दोन्हीकडून येते आणि इंजिन सांधा रांगत पार करतं.

स्वच्छतेबद्दल तुमचं माझं पूर्ण जमत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं चाकं पुसायची, पॉलिश पेपर लावायचा नाही, ओरखड्यांत ठिणग्यांची काजळी बसते, हे सगळं मान्य. पण वीज नीट मिळावी म्हणून रुळांवर ग्रॅफाइट चोळायचं म्हणता, ते मला अजून पटत नाही. चढावर चाकं घसरतील ही माझी धास्ती आहे, आणि वाद घालायला मी कधीही तयार आहे.

एका गोष्टीसाठी वेगळे आभार मानायचेत. मी मोटर खोलायला स्क्रू ड्रायव्हर उचलला होता आणि तुम्ही थांबवलंत. त्या जुन्या उघड्या मोटरचा चुंबक नुसता बाहेर काढला तरी कमजोर पडतो, असं तुम्ही म्हणालात. मोटर आजही ठणठणीत आहे. ज्यांनी तिला गेली म्हणून सांगितलं होतं, त्यांना इंजिन बघायला बोलावलंय. तुम्हीही या.

तुमचा,
एक छंदी शिष्य