अर्काच्या गोळ्या आणि कढईतलं तेल

चि. सोनू यास अनेक आशीर्वाद.

पुनर्नवा-गोखरूच्या अर्काच्या त्या गोळ्या आधी थांबव, मग बाकीचं वाच. तळलेलं सुटत नाही तर निदान किडनी तरी साफ राहील, हे तुझं म्हणणं मला मुळीच पटलेलं नाही.

तू पाठवलेली माहिती खोटी नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा कडकडीत तापवलं की त्यात अ‍ॅल्डिहाइडसारखी घातक द्रव्यं तयार होतात. असं तेल खाऊ घातलेल्या उंदरांच्या किडनीला इजा होते आणि काही वनस्पतींच्या अर्कांनी ती कमी होते, असं प्रयोगांत दिसलंय. पण तिथे उंदराला अर्क मोजूनमापून देतात. त्यावरून माणसाने एक गोळी घ्यावी आणि खुशाल काळं तेल खावं, असं कुठे ठरतं?

झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, हे तर डोक्यातून काढूनच टाक. ब्रुसेल्सच्या एका क्लिनिकमध्ये वजन उतरवायला चिनी वनौषधींच्या गोळ्या देत. त्यात एका वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया नावाची भलतीच वनस्पती आली आणि धडधाकट बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. १९९३ साली ते छापून आलं. आपलं करंबळसुद्धा (स्टारफ्रूट), किडनी अधू असेल तर, थेट मेंदूवर परिणाम करतं. आजोळी मीठ लावून खायचास ना, तेच.

खरा इलाज कढईत आहे. भजी सोडल्यावर आलेला फेस बसत नसेल, तेल लवकर धुरावत असेल, गार झाल्यावर कडेला चिकट थर धरत असेल, तर ते गेलं समज. तेलातले पोलर घटक, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवून तेल बिघडलं की वाढणारी द्रव्यं, २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम २०१८ पासून आहे; पण कोपऱ्यावरच्या गाडीवर ते कोण मोजतं? वडे खायचेच तर खोलीवर कर, छोट्या कढईत, बेताचं तेल घेऊन. उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपव. त्यात नवं तेल ओतून पुन्हा तळण काढू नकोस.

आणि बाबांना बीपी, शुगर दोन्ही आहेत. किडनी बिघडायची मोठी कारणं तीच, आणि बरीच बिघडेपर्यंत काही दुखत-खुपत नाही. म्हणून तूही या आठवड्यात तुझं बीपी, आणि किडनीचं काम कळायला रक्तातलं क्रिएटिनिन नि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घे. डॉक्टरांना ती गोळ्यांची डबीही दाखव. रिपोर्ट आले की लगेच पाठव. पैसे बाबा उद्या टाकतायत.

तुझी,
आई