चाचा येतोय, बँडला बिदागी हवी

दिवाळीनंतर, तुळशीची लग्नं लागायच्या आत, अलिबागमध्ये ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी समुद्री चाच्याच्या नाटकाचे तीन प्रयोग करायचे आहेत. संगीत ध्वनिमुद्रित नसेल. सात जणांचा पितळी बँड वाजवेल. त्यासाठी १,०८,८०० रुपये आणि काही वस्तू हव्या आहेत.

कान्होजी आंग्र्यांची समाधी ज्या गावात आहे तिथे चाचा दाखवायचा म्हणजे आधी एक खुलासा. इंग्रजांच्या कागदांत कान्होजींना चाचा म्हटलंय. ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. आमचा चाचा परदेशी आहे आणि दस्तक, म्हणजे परवाना, न घेता या किनाऱ्यावर घुसतो. भांडण तिथूनच सुरू होतं.

बँड प्रत्यक्ष का? पडद्यामागून चाचा आला की मुलं ओरडून नायकाला सावध करतात. ध्वनिफीत थांबत नाही, पुढचं वाक्य बुडतं. बँड मात्र तीच ओळ फिरवत ठेवतो, गलका ओसरला की पुढे जातो. म्हणून मोठा खर्च माणसांचा: आठ तालमींचे प्रत्येकी ८०० आणि तीन प्रयोगांचे २,००० प्रमाणे एका वादकाचे १२,४०० रुपये, सात जणांचे ८६,८००. तालमी पितृपक्षात ठेवल्या आहेत. गणपती झालेले, नवरात्र यायचं, तेवढेच दिवस बँडवाले मोकळे असतात.

वाद्यं अशी: दोन ट्रम्पेट, दोन युफोनियम (जाड, मऊ आवाजाचं पितळी वाद्य), एक ट्रॉम्बोन (नळी मागेपुढे सरकवून वाजवायचं), साइड ड्रम, ढोल. गाणी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, बांधली आहेत. ट्रम्पेटच्या बोटांना ती पट्टी सोपी आणि मुलांच्या गळ्यालाही बसते. पेटी मुद्दाम घेतलेली नाही. एसीत वादक अर्धा तास गप्प बसले की पितळ गार पडून सूर उतरतो, पेटीचा जागेवरच राहतो, आणि मग दोष बिचाऱ्या गाणाऱ्या मुलांवर येतो. संवादाखाली फक्त युफोनियमचे लांब सूर. ट्रम्पेट लहान मुलांचे शब्द खाऊन टाकतो. गलबत कलंडतं तिथे ट्रॉम्बोनची घसीट आहे, पण ती एका दमात सहा अर्धस्वरांपलीकडे जात नाही, म्हणून लाट तेवढीच उंच लिहिली.

मिरवणुकीत तीन तास दणक्यात वाजवणाऱ्याला सभागृहात हळू वाजवणं जास्त जड जातं, ओठ लवकर थकतात. म्हणून तासाभराच्या नाटकात वादन २२ मिनिटंच आहे आणि एका दिवशी एकच प्रयोग. बँड विंगेलगत बसेल, कर्ण्यांची तोंडं प्रेक्षकांकडे नसतील, पहिल्या दोन रांगा रिकाम्या राहतील. पडदा उघडण्याआधी प्रत्येक वाद्य एकेकदा हळू वाजवून दाखवू. ओळख झालेल्या आवाजाला मुलं दचकत नाहीत. तोफेचा आवाज ढोलातून, आत घोंगडी घालून. फटाके नाहीत.

उरलेले २२,००० नेपथ्याचे. गलबताच्या लेव्हलला, म्हणजे खालच्या लाकडी चौथऱ्याला, ब्रेकवाली चार चाकं लागतात. साध्या चाकांवर चाच्याने उडी मारली की गलबत विंगेत जातं. डोलकाठीसाठी १४ फुटी वाळलेला बांबू द्या. ओला बांबू वाळताना आकसतो आणि बांधलेल्या दोऱ्या सैल पडतात. शिडाला १५ मीटर मांजरपाट. समुद्रासाठी ३० फुटी दोन निळी सुती कापडं. सॅटिन दिसतं छान, पण मुलांच्या हातातून निसटून चाकांत अडकतं.

घरात जुना ट्रम्पेट पडून असेल तर उसना द्या. झडप अडकलेली चालेल, तेलाने सुटते. झडपेच्या नळीलाच पोचा असेल तर उपयोग नाही. देण्याआधी चिंचेने किंवा पितळ घासायच्या पावडरीने लखलखीत करू नका. कण झडपेत शिरले की घासून वाट लावतात. बेसिन साफ करायचे दोन रबरी पंपही हवेत, पाच इंची, दांडा नको. ट्रम्पेटच्या तोंडावर उघडझाप केली की चाच्याचा पोपट बोलतो. कृपया नवे द्या.

सभागृहाचं भाडं ५० रुपयांच्या तिकिटांतून काढू. देणगीवर आयकर सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगतो. रोख किंवा धनादेश तालमीच्या जागी संध्याकाळी ५ ते ८ स्वीकारू. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. निम्मी रक्कम पितृपक्ष लागण्याआधी हाती हवी, कारण वादकांना तालमीचे पैसे त्याच दिवशी द्यायचे आहेत.

— बालनाट्य समिती, अलिबाग