तरडगावहून शालूला

तरडगाव, ता. फलटण
जून 2025

प्रिय शालू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आता ते वर्ष कशाला उकरून काढतेस?" मी नाही गं काढलं. माऊलींची पालखी आठ-दहा दिवसांवर आलीय म्हणून माळ्यावरची मोठी पातेली काढत होतो, तर त्यांच्यामागून मास्कचं गाठोडं खाली पडलं. ब्लाउजच्या अस्तराचे, इलॅस्टिक मिळेना म्हणून नाड्या लावलेले. 2020च्या लग्नसराईत माझ्याकडे कुणी ब्लाउज शिवायला टाकेना, तेव्हा या मास्कांवरच मशीन चालू राहिली होती. मग काय, पातेली राहिली बाजूला आणि सगळे बोलत बसलो. एका छपराखाली राहिलो आम्ही, पण प्रत्येकाचं ते वर्ष निराळंच निघालं.

पोरीचं म्हणजे दहावीचा भूगोल. 23 मार्चला पेपर होता, आधी पुढे ढकलला, मग रद्दच केला आणि बाकीच्या पेपरांच्या सरासरीनं मार्क दिले. "भूगोल न लिहिता पास झाले," म्हणून अजून मिरवते. अकरावी मात्र गच्चीवर रेंज शोधत गेली, त्याबद्दल काही बोलत नाही.

आत्यांचं तुला माहीतच आहे. चांदोबाच्या लिंबाला त्या साली रिंगण झालं नाही, आमच्या गावात पालखीचा मुक्काम नाही, दारात एक वारकरी नाही. आळंदीहून पादुका 30 जूनला एसटीनं पंढरपूरला निघाल्या, दुसऱ्या दिवशी आषाढी. आत्यांनी टीव्हीसमोर पाट मांडून हळदकुंकू वाहिलं. मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, "माऊली एसटीनं गेली आणि तू एसटीत असून घरी बसलास?" आता ती गाडी कुणी न्यायची हे काय ड्रायव्हरच्या हातात असतं? पण तो राग त्यांनी धरला तो धरलाच. या रविवारीही काढला.

हे कधी नव्हे ते बोलले. मे महिन्यात परप्रांतातल्या मजुरांना मध्य प्रदेशच्या हद्दीवर, बिजासन घाटापर्यंत सोडायला गाड्या जात होत्या, त्यात यांची पाळी लागली होती. प्रवास फुकट आहे, हे त्या माणसांना खरंच वाटेना. एकेक जण उतरताना पैसे पुढे करी, हे नको म्हणाले की तो कंडक्टरला शोधायचा. येताना गाडी रिकामी, ढाबे बंद, दुपारच्या दशम्या वाळून कडक झालेल्या. परत आल्यावर हे गोठ्याशेजारी झोपायचे आणि मी लांबून ताट सरकवायची. तेव्हा विचारलं असतं तर एक शब्द सांगितला नसता. दिवाळीच्या आधी बेस्टच्या मदतीला मुंबईला ड्युटी लागली. लोकल सगळ्यांसाठी सुरू नव्हती ना, म्हणून गावोगावच्या एसट्या तिकडे. यांना मुंबईतलं एक वळण ठाऊक नाही! मागून प्रवासीच सांगायचे, "मास्तर, आता डावीकडे घ्या." हे सांगताना इतके हसले की ठसका लागला.

माझी पाळी आली तेव्हा मी चहा टाकायला उठले.

माझं ते वर्ष म्हणजे श्रावणातली ती सकाळ, आणि ते या घरात कुणाला नीट माहीत नाही. तुलाच माहीत आहे. आईला कोरोना नव्हता, झोपेतच गेली, तरी आळीतली माणसं उंबऱ्याबाहेर उभी राहिली. इकडे आमच्या गल्लीत रुग्ण सापडला होता, दोन्ही तोंडांना बांबू बांधलेले. मधे नीरा नदी. एरवी तासाभरात मी माहेरी. त्या दिवशी नदीपलीकडचा जिल्हा परदेश झाला होता. तू आत गेलीस, आईला आंघोळ घातलीस, लुगडं नेसवलंस आणि मग मला व्हिडिओ कॉल लावलास. तुझा अंगठा कॅमेऱ्यावर आला होता आणि मी इथून ओरडत होते, "शालू, बोट काढ, बोट काढ!" आईसमोर माझ्या तोंडून निघालेलं शेवटचं ते एवढंच. कधीकधी रात्री आठवून हसू येतं, मग ते हसू राहत नाही.

तेराव्यानंतर आले तेव्हा घर सारवलेलं होतं. ते कुणी सारवलं हे मी तुला विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. पण परवा चुलतभाऊ बोलता बोलता बोलून गेला, की सरपणाचे, भटजींचे, दहाव्याच्या सामानाचे पैसे दाजींनी भरले होते. पाच वर्षं झाली शालू! मला वाटत होतं भावकीनं वर्गणी काढली असेल. एवढ्या वेळा भेटलो आपण, हळदी-कुंकवाला आलीस, आणि तोंडातून चकार शब्द नाही. तुझा हा स्वभाव मला लहानपणापासून पटत नाही, शाळेतही माझी फी भरून गप्प बसली होतीस.

तर पालखी तरडगावात मुक्कामाला येईल त्या दिवशी दाजींना घेऊन ये. पिठलं-भाकरीचा मोठा घाट घातलाय, भाकरी थापायला हात कमी पडणार आहेत. आणि येताना आकडा सांग. "राहू दे गं" म्हणालीस तर वारकऱ्यांसमोर भांडेन. आत्या म्हणतात, पैसे घेणार नाही ती, साडीचोळी कर. मी म्हटलं, साडी वेगळी आणि हिशेब वेगळा. साडी घेऊन ठेवलीय, ब्लाउजचं माप तेवढं कळव. माझ्या वहीतलं तुझं माप आता तुला बसायचं नाही.

तुझी,
कुंदा